मदत हवी आहे: व्ही-क्रॉसला उंच पण अरुंद टायर (२३५/८५ आर१६) लिफ्ट न करता बसतील का?

कातळसडा

नमस्कार मंडळी.

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, २०१७ चं मॉडेल, अडीच लिटर डिझेल, पाच गिअर, पांढरी प्लेट. सस्पेन्शन, रिम, बंपर सगळं कंपनीतून आलं तसंच आहे आणि तसंच ठेवायचंय. टायर २४५/७० आर१६ (म्हणजे रुंदी २४५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंची). नक्षी संपत आलीय, त्यामुळे या पावसाआधी बदलायचेच आहेत.

गाडी राजापूर तालुक्यात असते. डांबरी सोडली की कलमांच्या बागेपर्यंत आधी लाल मातीचा चढ, मग पऱ्या (ओढा), मग सड्यावरचा उघडा कातळ. वरच्या अंगाला चिरेखाण आहे. तिथले ट्रक मेअखेरपर्यंत ये-जा करतात आणि चढावर खोल चाकोऱ्या पाडून ठेवतात. पाऊस लागला की मागच्या ॲक्सलचा डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधला गिअरचा गोळा, थोडक्यात डिफ) मधल्या वरंब्यावर टेकतो आणि चाकं जागच्या जागी फिरत बसतात. आंब्याच्या सीझनला हीच गाडी पेट्या भरून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जाते. म्हणजे शोभेची नाही.

डोक्यात २३५/८५ आर१६ आहे. कागदावर हिशेब केला तर आत्ताच्या टायरची उंची ७४९ मिमी येते, याची ८०६. रुंदी उलट १० मिमी कमी.

लिफ्ट किट (सस्पेन्शन उंच करणारे भाग) न टाकता कुठे घासतील का? भरलेली गाडी घाटात दम टाकेल का? आणि अरुंद टायर चिखलात खरंच बरा, की हे नुसतं ऐकीव आहे? आमचा टायरवाला २६५ रुंदीचेच घ्या म्हणून मागे लागलाय.

बुलबार

२६५/७५ टाका डोळे झाकून. उंची तीच मिळते, वर गाडी भरलेली दिसते.

कातळसडा

दिसण्याचं सोडा हो, डिफ टेकतोय त्याचं बोला. 🙂

स्पॅनर१७

बुलबार, उंची तीच हे बरोबर (२६५/७५ साधारण ८०४ मिमी). पण तिथेच तर सगळी गोम आहे. कंपनीच्या रिमवर २६५ चढवला की वाढलेली रुंदी अर्धी आत जाते, अर्धी बाहेर. सरळ चालताना काही कळत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरचा बाहेरचा खांदा मोठ्या घेराने फिरतो आणि पुढे बंपरच्या कडेला, मागे चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकला भेटतो. २३५ चा खांदा त्या मानाने आत राहतो. लिफ्ट न करता उंची हवी असेल तर अरुंद टायर हाच सरळ मार्ग आहे. बाकीचे मार्ग पक्कड आणि ग्राइंडरकडे जातात.

कातळसडा, लिफ्टबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. लिफ्ट किटने चॅसी वर जाते. तुमच्या गाडीला मागे सरळ ॲक्सल आणि पाटे आहेत, त्यामुळे लाखभर खर्च केला तरी डिफरन्शियल जमिनीपासून होता तिथेच राहतो. तो वर उचलायचा तर टायरच मोठा लागतो. तुमच्या हिशेबात उंची ५७ मिमी वाढते, त्यातली निम्मी, म्हणजे २८ मिमी, ॲक्सलच्या खाली मिळेल. कागदावर फार वाटत नाही. पण वरंब्यावर टेकणारी गाडी आणि घासत का होईना निघून जाणारी गाडी यांच्यात अंतर एवढंच असतं.

आता घाट. चाकाचा घेर साडेसात टक्के वाढला म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब झाला. ३२० न्यूटन-मीटरचं इंजिन चाकाशी २९८ चं असल्यासारखं वागणार. रिकाम्या गाडीत फरक जाणवेल न जाणवेल. पेट्या भरून अणुस्कुऱ्याला जिथे तिसऱ्यात निभावत होतं तिथे दुसरा टाकावा लागेल. तिसरा ओढत बसू नका, क्लच आणि इंजिन दोघांनाही ते सोसत नाही. उतरतानाही तेच, इंजिन ब्रेक थोडा हलका पडतो, एक गिअर खालचा ठेवा. कच्च्यावर ४एल (फोर-व्हीलचा हळू, जोरदार गिअर) आहेच, तिथे काळजी नाही.

वजनही बघा. या मापात बहुतेक एलटी टायर मिळतात, म्हणजे हलक्या ट्रकच्या बांधणीचे, जाड बाजूचे. एकेक साधारण २० किलोच्या वर जातो. उंच आणि जड टायर थांबवायला ब्रेकला जास्त काम पडतं. ब्रेक पॅड अर्धे झाले असतील तर टायरसोबतच बदला.

काळीमाती

मी परभणीकडचा. आमच्याकडे हा प्रयोग एकाने करून बघितला. पहिल्याच पावसात गाडी शेताच्या पाणंदीत ॲक्सलपर्यंत बसली, शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. अरुंद टायर चिखल कापतो म्हणतात. कापतो की, कापत कापत खालीच जातो. काळ्या रानाला तळ नसतो, राव. वर नक्षीत माती अशी घट्ट बसते की टायर गुळगुळीत गोळा होऊन जातो. आमच्याकडे रुंद टायर, हवा कमी, आणि खरं सांगायचं तर पाऊस पडल्यावर दोन दिवस गाडी रानात न्यायचीच नाही.

स्पॅनर१७

काळीमातींचं त्यांच्या जागी शंभर टक्के खरं आहे. टायर जमिनीवर किती टेकतो हे मुख्यतः वजन आणि हवा यांवर ठरतं. रुंदी-उंचीने त्या ठशाचा आकार बदलतो. रुंद टायरचा ठसा आडवा, उंच-अरुंद टायरचा लांबट. चिखलाखाली कडक थर असेल तर अरुंद टायर चिखल बाजूला सारून त्या थरावर जाऊन पकड घेतो, आणि पुढे ढकलायचा चिखलही कमी असतो. कडक थरच नसेल, किंवा खोल वाळू असेल, तर तरंगायला रुंदी हवी.

म्हणून प्रश्न असा की तुमच्या चढावर खाली काय आहे? पहार घ्या आणि चाकोरीत मारून बघा.

कातळसडा

मारली. कालच्या वळवाने चढ चांगला भिजला होता. चाकोरीत वीतभर लाल लगदा, मग थोडी मुरमाड माती, आणि मग टण्ण. जांभाच. वरंब्यावर जरा जास्त खाली जाते, पण लागतो. पऱ्याच्या अलीकडे एका जागी मात्र पहार अर्धी गेली, तिथे आम्ही दर वर्षी चिऱ्याचे तुकडे टाकतो.

स्पॅनर१७

मग तुमच्याकडे अरुंदच. तुकडे टाकणं चालू ठेवा.

आंबोळी

हेच लिहायला आले होते. आमची बाग देवगडला, जमीन अशीच. एक भर घालते: जांभ्याच्या कडा टायरच्या बाजूला चिरतात. हवा कमी करून कातळावर गेलात की बाजू फुगते आणि चिर पडते, ती पंक्चरवाल्याच्या हाताबाहेरची. चिखलात हवा उतरवा, पण सड्यावर चढायच्या आधी भरा. पंप गाडीत ठेवा. आणि एलटी टायरला दाराच्या स्टिकरवरची हवा धरू नका, ती जुन्या टायरची आहे. भार किती, त्यावर टायर कंपनीच्या तक्त्यातून ठरवा.

लोडिंगवाला

एवढा खर्च कशाला? ७.५०-१६ टाका, टेम्पोचे. उंची जवळपास तीच, अरुंद, स्वस्त आणि कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो.

स्पॅनर१७

नको. हे टायर बहुतेक ट्यूबवाले, आणि त्यांची रिम वेगळी, अरुंद असते. कातळसडांच्या ७ इंची अलॉयवर ते बसवणं म्हणजे घाटात जीव टांगणीला लावणं. २३५/८५ मात्र या रिमवर रीतसर बसतो.

कलम५२

रसभंग करतो, पण सांगितलेलं बरं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देताना स्पष्ट केलंय की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. साडेसात टक्के मोठा टायर कंपनीच्या यादीत नसणार. रस्त्यात कोणी टेप लावून मोजत नाही हे मलाही माहीत आहे. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर मोजू शकतो. माप सांगून विमा कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्या, तोंडी होकाराला अर्थ नाही.

दुसरं, स्पीडोमीटर. नियमाने त्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नसतो. आत्ता काटा जरा जास्तच दाखवत असेल, बहुतेक गाड्या दाखवतात. नवीन टायरवर ती सवलत संपून काटा मागे पडू शकतो. फोनच्या जीपीएसशी ताडून बघा. ओडोमीटरही कमी मोजेल, १०० किलोमीटर दाखवले की प्रत्यक्षात साडेसातेक जास्त झालेले. टायर बदलल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणून ओरडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी हा गुणाकारच केलेला नसतो.

बुलबार

मिळणार कुठे पण २३५/८५? मी पुण्यात शोधून दमलो होतो.

आंबोळी

हा मुद्दा आहे खरा. जून २०२० मध्ये टायरची आयात परवाना लागणाऱ्या यादीत गेली, तेव्हापासून अशी आडवळणाची मापं कधी असतात, कधी नसतात. एक टायर चिरला तर जोडीला तसाच मिळायला हवा. त्यासाठी मी मधला मार्ग सुचवेन: २४५/७५ आर१६. २०२० च्या थारच्या खालच्या मॉडेलला हेच माप होतं, त्यामुळे सहज मिळतो. उंची ७७४ मिमी, म्हणजे तीन टक्क्यांच्या जरा वर. अरुंद नाही, पण रुंदही होत नाही. ॲक्सलखाली १२ मिमी मिळतात. आम्ही तेच टाकलेत, कापाकापी काही करावी लागली नाही.

कातळसडा

१२ मिमीने माझा वरंबा सुटायचा नाही, ताई. पण मिळण्याचं पटलं. चार घेण्यापेक्षा पाच एकदमच घेईन म्हणतो.

स्पॅनर१७

पाच घ्याच. ही पार्ट-टाइम फोर-व्हील आहे, मध्ये डिफरन्शियल नाही. स्टेपनी जुन्या मापाची असेल आणि ती लावून ४एच (नेहमीच्या वेगाचं फोर-व्हील) टाकलंत तर पुढचं-मागचं चाक वेगवेगळ्या घेराने फिरणार आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) ताण साठत जाणार. जुनी स्टेपनी लागलीच तर २एच मध्ये (फक्त मागच्या चाकांवर) हळू घरी या, तीही पुढे लावा. मागे वेगळा घेर चालवला की मागचा डिफ सतत काम करत राहतो आणि तापतो.

पैसे मोजण्याआधी एकच टायर कुणाकडून मागून आणा. पुढे लावा, दोन्ही बाजूंना स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढे आणि मागे चालवा. मग तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक चिऱ्यांच्या थरावर चढवा, म्हणजे टायर लावलेल्या बाजूचं सस्पेन्शन दाबलं जाईल, आणि परत वळवा. सपाट अंगणात घासलं नाही याला काही अर्थ नसतो.

कातळसडा

रत्नागिरीला ओळखीच्यांकडे एक जुना २३५/८५ पडून होता, तो आणून डाव्या बाजूला लावला. टायरच्या खांद्यांना ओला चुना फासला, म्हणजे कुठे लागलं ते कळेल.

पुढे जाताना दोन्हीकडे पूर्ण वळवून काही नाही. मागचं उजवं चाक चार चिऱ्यांवर चढवून रिव्हर्समध्ये डावीकडे पूर्ण वळवल्यावर मडफ्लॅपला चुना लागला आणि मडफ्लॅपच्या वर, आतल्या प्लास्टिकच्या मागच्या कडेला बोटभर लांब पट्टा. पत्र्याला किंवा चॅसीला कुठेही नाही. मडफ्लॅप दोन स्क्रू काढून मागे सरकवता येईलसं दिसतंय. प्लास्टिक गरम करून मागे दाबावं की कापावं?

स्पॅनर१७

कापू नका, मागे वायरिंग आणि माती. हीट गनने मऊ करून दाबा, थंड होईपर्यंत धरून ठेवा. उजवी बाजूही तपासा, दोन्हीकडचं प्लास्टिक तंतोतंत सारखं नसतं.

कातळसडा

उजवीकडे फक्त मडफ्लॅप. विमा कंपनीला मेल टाकलाय, उत्तर आलं की पाच टायरची ऑर्डर देतो, ऑल टेरेनच (डांबर आणि कच्चा दोन्हीला चालणारे). मड टेरेनचा (खास चिखलाच्या खोल नक्षीचा) मोह होता, पण पावसात ओल्या डांबरावर त्यांची पकड आपल्याला परवडणारी नाही, महामार्गही जायचाच असतो. स्टेपनी खालच्या जागेत मावते का ते अजून बघायचंय. नाही मावली तर हौद्यात, म्हणजे पेट्यांची जागा गेली.

आंबोळी

हौद्यात उभी करून केबिनच्या पाठीला बांधा, आडवी टाकू नका. आणि टायर बसल्यावर शंभरेक किलोमीटरनी नट परत आवळून घ्या, अलॉयला ते लागतंच.