दुपारी नेट तुटतं, कोपऱ्यात 'व्हायरस सापडले' येतं. फॉरमॅट करावंच लागेल का?

हिशेबवाली_अशोकचौक

नमस्कार मंडळी. मी घरी बसून टॉवेल-चादरवाल्यांचे हिशेब लिहिते, टॅली आणि जीएसटी. कॉम्प्युटर जुना आहे, विंडोज १०, मागं वायफायचा छोटा डोंगल लावलाय. नेट फायबरचं. त्याचा डबा (राऊटर) वरच्या खोलीत पत्र्याखाली भिंतीला ठोकलाय, कारण वायर तिथून आत आली आणि लावायला आलेल्या पोराला जिना उतरायचा कंटाळा.

उन्हाळा लागल्यापासून दुपारी नेट तुटायला लागलंय. सकाळी सगळं झकास. जेवण उरकून कामाला बसलं की अडीचच्या आसपास जातं, थोड्या वेळानं आपलं आपण येतं, की परत जातं. संध्याकाळी सहानंतर पुन्हा शहाण्यासारखं चालतं.

त्यातच स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातून एक पाटी वर येते. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, ताबडतोब साफ करा.' लाल अक्षरं, टिंग असा आवाज, वर एका नावाजलेल्या अँटिव्हायरसचं चिन्ह. ते अँटिव्हायरस मी कधी घेतलेलंच नाही. क्रोम बंद असलं तरी पाटी येते. सुट्टीत भाचा यावर फुकटात क्रिकेट बघत होता, तेव्हापासून हे सुरू आहे.

दुकानवाल्याला फोन केला. मशीन न बघताच म्हणाला, व्हायरसनं नेट खाल्लंय, फॉरमॅट मारावं लागेल, दोन दिवस ठेवून जा. नेटवाल्यांना विचारलं तर "आमच्याकडून लाईन क्लिअर आहे मॅडम." ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायचाय आणि सगळ्या पार्ट्यांची बिलं यातच आहेत. दोन दिवस मशीन कुणाच्या दुकानात ठेवायची माझी तयारी नाही. खरंच फॉरमॅटशिवाय इलाज नाही का?

कडकभाकरी

फॉरमॅट मारा आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाका. माझं मशीन रॉकेट झालंय. उगं डोकं लावत बसू नका.

जुळेसोलापूरकर

भाकरीसाहेब, डोकं दुखलं की डोकंच बदला असं झालं हे. एसएसडी चांगलीच, पण त्याने फायबर जोडून येत नाही.

ताई, ती पाटी व्हायरसनं टाकलेली नसावी. फुकट क्रिकेटच्या साईटवर 'अलाऊ दाबा म्हणजे व्हिडिओ सुरू होईल' असं येतं. पोरं दाबतात, आणि त्या साईटला तुमच्या स्क्रीनवर सूचना पाठवायची परवानगी मिळून जाते. क्रोम खिडकी मिटल्यावरही मागं चालू राहू शकतं, म्हणून बंद केलं तरी टिंग टिंग चालूच.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साईट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा. परवानगी दिलेल्या साईटची यादी दिसेल. अनोळखी, वेडीवाकडी नावं असतील ती सगळी काढून टाका. तिथंच एक्स्टेन्शन्सही बघून घ्या, तुम्ही न टाकलेलं काही असेल तर तेही काढा.

पाटीवर मात्र दाबायचं नाही. आत बहुतेक वेळा पैसे मागणारं पान असतं, नाहीतर फोन नंबर. त्या नंबरवर फोन केला की 'कंपनीतून बोलतोय' म्हणत एनीडेस्क (लांबून तुमचं मशीन चालवायचं अ‍ॅप) टाकायला लावतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत बँकेचं पान उघडतात. असं कुणाचं झालंच असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बाकीचं नंतर.

तरी एक खरी तपासणी करून टाका. विंडोज सिक्युरिटीमध्ये स्कॅन ऑप्शन्समध्ये 'ऑफलाइन स्कॅन' आहे. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतं, त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं. पाव तास धरा. त्याआधी टॅलीचा बॅकअप घ्या, आणि ज्यावर घ्याल ते काढून बाजूला ठेवा.

पॅनेल_वायरमन

अक्का, मी यंत्रमाग कारखान्यांत पॅनेल आणि मोटारींचं काम करतो. कॉम्प्युटरातलं हे लोक सांगतील. मला तुमच्या लिहिण्यातली वेळ खटकली. व्हायरस घड्याळ बघून जेवणानंतर कामाला येतो का?

नेट गेलं की कॉम्प्युटरला हात लावू नका. सरळ वर जाऊन डब्याचे दिवे बघा. एलओएस नावाचा दिवा लाल झाला असेल तर फायबर तुटलीय, दबलीय नाहीतर कनेक्टर खराब झालाय. ते नेटवाल्यांनीच करायचं, लाल दिव्याचा फोटो काढून पाठवा म्हणजे 'लाईन क्लिअर' बंद होईल. दिवे सगळे जसेच्या तसे आणि मोबाईलवर वायफायनं नेट चालतंय, तर दोष तुमच्या मशीनमध्ये किंवा त्या डोंगलमध्ये. आणि सगळे दिवे विझून एकेक करत परत लागत असतील, तर डबा बंद पडून नव्याने सुरू होतोय. म्हणजे करंटचं दुखणं. डबा उठून लाईन पकडेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात.

एक विचारतो, घरामागं माग आहेत का? दुपारची सुट्टी संपली की सगळे एकदम चालू होतात का?

हिशेबवाली_अशोकचौक

आहेत की! मागची भिंत एकच आहे. अडीचला खडखडाट सुरू होतो, आमचा ट्यूबलाईटसुद्धा तेव्हा एकदा डोळा मारतो. सवयीनं लक्षच जात नाही.

आज वर जाऊन उभी राहिले. घामानं निथळले, पण बघितलं. लाल दिवा नाही. सगळे दिवे गपकन गेले, मग पॉवरचा लागला, मग दुसरा लुकलुकत बसला, शेवटी वायफायचा. अडॅप्टरला हात लावला तर इस्त्रीसारखा तापलेला.

क्रोमच्या यादीत नऊ साईट निघाल्या. एकही नाव वाचता येईना. काढल्या, पाटी बंद. भाच्याला फोनवर जे बोलायचं ते बोलले.

पण ऑफलाइन स्कॅननंतर विंडोज सिक्युरिटीच्या हिस्ट्रीत खरंच एक सापडलंय, 'वर्म' असं काहीतरी नाव आहे. आणि सीएच्या ऑफिसातून परत आलेल्या पेनड्राईव्हमध्ये फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात, प्रत्येकावर छोटा बाण. आतल्या बिलांच्या फाइली गेल्या का?

जुळेसोलापूरकर

बघा, बोंबलणारा निघाला खोटा आणि खरा गपचूप पेनड्राईव्हवर बसलेला.

फाइली बहुतेक गेलेल्या नाहीत. हा जुना शॉर्टकट व्हायरस. मूळ फोल्डर लपवून ठेवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट समोर मांडतो. तुम्ही बाणवाल्यावर दोनदा क्लिक केलं की फोल्डरही उघडतं आणि तोही चालू होतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. त्या शॉर्टकटवर आता क्लिक करू नका. आधी पेनड्राईव्हवर राईट क्लिक करून स्कॅन. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅट्रिब ही आज्ञा वजा एच, वजा आर, वजा एस लावून त्या ड्राईव्हवर चालवा, शेवटी तिरकी रेघ (/) एस आणि तिरकी रेघ (/) डी. लपवलेले फोल्डर वर येतील. बिलं कॉपी करून घ्या, पेनड्राईव्ह फॉरमॅट करा. फॉरमॅट करायची ती एवढीच वस्तू.

आणि सीएच्या ऑफिसात कळवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तोच पाहुणा परत घरी. बिलं मेलनं पाठवता आली तर उत्तमच.

पॅनेल_वायरमन

मग आजार कळला. मोटार सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट खेचते. ओळीनं माग चालू झाले की त्या लाईनवर व्होल्टेज क्षणभर बसतं. चांगल्या अडॅप्टरला त्याचं काही वाटत नाही, तो १०० ते २४० व्होल्टवर चालायचा असतो, वर लिहिलेलंही असतं. पण आतला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून धरणारा छोटा भाग, सुकला की एवढ्याशा झटक्याला मान टाकतो. आणि कपॅसिटर सुकवतं काय, तर उष्णता. दर दहा डिग्रीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडं सावलीत पारा ४२-४३ जातो, पत्र्याखाली काय होत असेल बघा.

अडॅप्टरवरचं लेबल वाचा. १२ व्होल्ट असेल तर १२ च आणायचा, ९ किंवा १५ नाही. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतील. पिनची जाडी आणि आतलं अधिक-उणं जुन्यासारखंच हवं, तेही लेबलवरच्या छोट्या चित्रात दाखवलेलं असतं. जुना सोबत घेऊन जा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो लावला तर अजून बरं, लाईट गेल्यावरही नेट राहील. डबा मात्र खाली खोलीत घ्या. फायबर स्वतः ओढू नका, कोन झाला की आतली काच तुटते. नेटवाल्याला बोलवा, थोडे पैसे घेईल.

हिशेबवाली_अशोकचौक

लेबलवर १२ व्होल्ट १ अँपिअर होतं. नवीन दीड अँपिअरचा मिळाला, नवी पेठेतून आणला. आज अडीचला खडखडाट झाला, ट्यूबनं डोळा मारला, डबा जागचा हलला नाही. खाली आणायला परवा माणूस येतोय. पेनड्राईव्हवरची बिलंही सगळी वर आली, सीएंना फोन झाला. त्यांच्याकडं तीन मशीनवर निघालं म्हणे.

फक्त जीएसटी पोर्टल अजून मधूनच बाहेर काढतं. तेही करंटचंच का?

जुळेसोलापूरकर

नाही हो, ते पोर्टलचं स्वतःचं आहे. पंधरा मिनिटं काही केलं नाही की लॉगआउट करतं. तुम्ही टॅलीत बिल शोधत बसता, तोवर तिकडं वेळ संपते. मधेमधे सेव्ह करत जा.

एक राहिलं. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरच्या मशीनला वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय येतो का बघा. मशीन विंडोज ११ चढवून घेत असेल तर रिटर्न भरून झाल्यावर निवांत चढवा.

कडकभाकरी

आणि एसएसडी.