मदत हवी आहे: निळ्या एलईडीने दोन बोर्डांमध्ये डेटा पाठवतोय, वेग वाढत नाही

खांडोळेकर
नमस्कार. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे, पुढच्या आठवड्यात गाईडना दाखवायचाय आणि गाडी अडली आहे. दोन बोर्ड समोरासमोर, एकावर निळे एसएमडी एलईडी, दुसऱ्यावर फोटोडायोड (प्रकाश पडला की करंट देणारा). १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) एकही अक्षर चुकत नाही. १ एमबीपीएसवर (सेकंदाला दहा लाख बिट) नेलं की पलीकडे नुसता कचरा. एलईडी एवढा मंद असतो का? कोड तपासून झालाय, त्यात काही नाही. कृपया लवकर सांगा.

सोल्डरस्टेशन
फोटोडायोड कोणता? पुढे सिग्नल वाढवणारा ऑपअॅम्प कोणता? त्याच्या आउटपुटवरून इनपुटला जोडलेला फीडबॅकचा रेझिस्टर किती? अंतर किती? सर्किटचा फोटोही नाही. यातलं काही कळल्याशिवाय एलईडीवर खापर फोडता येणार नाही.

म्हापशेकर
कशाला डोकं शिणवताय, टॉसलिंक घ्या. तोशिबाने १९८३ मध्ये आणलं, लाल एलईडी आणि प्लास्टिक फायबर, ऑडिओवाले अजून वापरतात. आत रिसीव्हर तयार असतो, ऑपअॅम्पची कटकट नाही. मी दोन पॉवर सप्लाय वेगळे ठेवायला हेच लावलं होतं, झकास चाललं.

खांडोळेकर
फायबर नकोय. एका चिपमधून दुसऱ्या चिपकडे थेट प्रकाश, हे दाखवायचंय. डायोड बीपीडब्ल्यू ३४, अंतर दीड सेंमी. ऑपअॅम्प लॅबमधला नेहमीचा. एलईडी बदलून पाहू का?

सोल्डरस्टेशन
नेहमीचा म्हणजे कोणता? अंगावरचा नंबर वाचा.

तांबडीमाती
दीड सेंमीसाठी प्रकाश कशाला हवा? तारेने एसपीआय (चिपांमधली नेहमीची जोडणी) २० मेगाहर्ट्झवर आरामात धावतं. परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतील.

निळाप्रकाश
@तांबडीमाती, एका तारेपुरतं तुमचं बरोबर आहे. डेटा सेंटरमध्ये एकेका लेनला (डेटाच्या वाटेला) सेकंदाला १०० गिगाबिट आणि त्याहून जास्त लागतं. त्या वेगाला तांब्यातला सिग्नल दोन मीटरच्या आतच मान टाकतो. लेझर लांब जातो, पण वीज खातो, तापतो आणि बिघडतोही जास्त. म्हणून आता उलटा विचार चाललाय: एक वेगवान चॅनेल नको, शेकडो सावकाश चॅनेल शेजारी शेजारी ठेवायचे. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये मोझेक नावाचं काम मांडलं. त्यात मायक्रोएलईडीच्या (अगदी बारीक एलईडी) अशा चॅनेलांतून, एंडोस्कोपमध्ये असते तसल्या इमेजिंग फायबरने ५० मीटरपर्यंत जाता येतं असं ते म्हणतात. कॅलिफोर्नियाची अविसेना कंपनीही गॅलियम नायट्राइडचे निळे मायक्रोएलईडी याच कामाला लावते.

निळाच का, तेही परीक्षकांना सांगा. सिलिकॉनमध्ये ४५० नॅनोमीटरचा प्रकाश पहिल्या एका मायक्रॉनमध्येच जवळजवळ सगळा शोषला जातो. ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडला १८-२० मायक्रॉन आत जावं लागतं. म्हणजे निळ्यासाठी डिटेक्टर पातळ आणि वेगवान करता येतो, तोही साध्या सिलिकॉन चिपवरच. मला हा सगळा विषय फार मोलाचा वाटतो. या पोराला तारेकडे वळवू नका.

वाळपईचो
फायबरवाले जमलेत म्हणून विचारतो. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पावसात झाड पडलं की केबल तुटते आणि इंटरनेट जातं. हे मायक्रोएलईडी आले तर तो त्रास जाईल का?

निळाप्रकाश
नाही हो. हे रॅकमधल्या किंवा फार तर एका हॉलमधल्या अंतरासाठी आहे. गावापर्यंत लेझर आणि नेहमीचं फायबरच येणार.

काणकोणचे काका
पोरा, एलईडी मंद होतो तो जास्त करंटने. चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीवर माळा लावतो, त्यातल्या ओल लागलेल्या आधी जातात. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर घाल आणि कनेक्शन कोरडी ठेव.

खांडोळेकर
काका, उजेड कमी होत नाहीये, डेटा चुकतोय. ऑपअॅम्प एलएम ३५८, फीडबॅक १०० के (किलोओहम), डायोडला रिव्हर्स बायस (उलटा व्होल्टेज) नाही. शिवाय चार चॅनेल, म्हणजे एलईडी-डायोडच्या चार जोड्या, एकत्र लावले की एकाचं दुसऱ्यात दिसतं, पण ते नंतर बघू.

सोल्डरस्टेशन
हे आधी लिहिलं असतंत तर सकाळीच सुटलं असतं. एलएम ३५८ चा गेन-बँडविड्थ (किती वेगाचा सिग्नल वाढवता येतो त्याची मर्यादा) जेमतेम १ मेगाहर्ट्झ. बायस नसताना बीपीडब्ल्यू ३४ ची कपॅसिटन्स (चार्ज धरून ठेवण्याची क्षमता, हीच वेग कमी करते) ७० पिकोफॅरड. १०० के धरून हिशेब केला तर रिसीव्हर १५० किलोहर्ट्झला संपतो. म्हणून १,१५,२०० चालतं आणि १ एमबीपीएसला कोसळतं. एलईडीचा काही दोष नाही.

डायोडला ३ व्होल्ट रिव्हर्स द्या, कपॅसिटन्स २५ वर येईल. १०० के काढून १० के. ऑपअॅम्प ओपीए ३८० घ्या, ९० मेगाहर्ट्झचा आहे. मग बँडविड्थ ७ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, १० एमबीपीएसलाही पुरेल. फीडबॅकवर २-३ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा, नाहीतर ऑसिलेट होईल (आउटपुट आपोआप वरखाली होत राहील). ब्रेडबोर्ड नको, त्याचीच कपॅसिटन्स तेवढी असते.

म्हापशेकर
एवढं करण्यापेक्षा इन्फ्रारेड एलईडी लावा. बीपीडब्ल्यू ३४ चा सर्वात चांगला प्रतिसाद ९०० नॅनोमीटरला आहे, निळ्याला बराच कमी. सिग्नल आपोआप वाढेल.

सोल्डरस्टेशन
सिग्नल वाढेल, पण ऑपअॅम्प तोच राहिला तर वेग वाढणार नाही. अडचण वेगाची आहे. दीड सेंमीवर निळाही पुरतो.

निळाप्रकाश
निळाच ठेवा, पण चुकून पांढरा लावू नका. पांढऱ्यात निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर असतो, तो सावकाश विझतो आणि २-३ मेगाहर्ट्झलाच अडवतो.

खांडोळेकर
निळाच आहे. बायस आणि २२ के लावून पाहिलं, एलएम ३५८ वरच २,५०,००० बॉड स्वच्छ आलं. त्याच्या वर पुन्हा चुका. ओपीए ३८० पणजीत मिळेल का?

तांबडीमाती
पणजीत शोधत बसू नका, आजच ऑनलाइन मागवा. एसओ ८ पॅकेजचा घ्या, सोबत अॅडॅप्टर बोर्डही. वरचं स्पष्टीकरण वाचलं, माझा आक्षेप मागे.

खांडोळेकर
मागवला. आता चार चॅनेलांचं सांगा.

सोल्डरस्टेशन
एलईडीचा कोन डेटाशीटमध्ये बघा, बहुतेक १२० अंश असेल. दीड सेंमीवर त्याचा उजेड अडीच सेंमी त्रिज्येत पसरतो, शेजारच्या डायोडवर पडणारच. बोर्ड २-३ मिलिमीटरवर आणा किंवा प्रत्येक जोडीला काळ्या हीटश्रिंकची नळी घाला. आधी एक चॅनेल १ एमबीपीएसला पक्का करा, मग दुसरा जोडा. चारही एकदम लावू नका.