ह्यूस्टनच्या हिस्पॅनिक मुलांमध्ये अभ्यासाची जिद्द कशी आणायची?

निशिगंध_टेक्सास:
मी इथे शाळा सुटल्यावर नववी-दहावीच्या मुलांना आल्जेब्रा शिकवते, व्हॉलंटियर म्हणून. बहुतेकांचे आईवडील मेक्सिको नाहीतर होंडुरासहून आलेले, वडील बांधकामावर, आई साफसफाईच्या कामावर. एक मुलगी तर मी गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत उत्तर सांगून मोकळी होते, पण होमवर्कच्या नावाने शून्य आणि सारख्या दांड्या. विचारलं तर म्हणे मम्मीला क्लिनिकमध्ये इंग्लिश समजत नाही, मला जावं लागतं, मग भावंडांना पण मीच बघते. आणि वर "कॉलेज आमच्यासाठी नसतं मिस". काय करू?

रानवाटा:
अहो जिद्द आणायची कुठून, ती आहेच की तिच्यात! डॉक्टरचं बोलणं आईला स्पॅनिशमधून समजावून सांगणं, तेही या वयात, खायचं काम नाही. हे तिला तोंडावर सांगा आधी. आणि सरकारी पैसा घेणाऱ्या क्लिनिकला कायद्याने दुभाषा फुकट द्यावा लागतो, आईला तो मागायला सांगा, दांड्या तिथेच कमी होतील.

गणितवेडा:
ईस्ट लॉस एंजेलिसचं गारफिल्ड हायस्कूल आठवा, तिथेही बहुतेक अशाच घरांतली मुलं. 1982 मध्ये तिथले गणिताचे सर हायमे एस्कालांते यांची 18 मुलं एपी कॅल्क्युलस (शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या पातळीची गणिताची परीक्षा) पास झाली तर परीक्षा घेणाऱ्यांना कॉपीचा संशय आला, मग 12 जणांनी परत पेपर दिला आणि सगळेच्या सगळे पास!! लोक याला एका सरांची जादू म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, त्याआधी कित्येक वर्षं खालच्या वर्गांपासून गणित पक्कं करून घेतलं होतं, जादा तास घेतले होते. नुसत्या भाषणाने काही होत नाही, तिला अवघड गणितं द्या आणि सोबत बसा.

सुगरण_पक्षी:
मी इथल्या शाळेत काउन्सेलर आहे. ही मुलं घरासाठी राबतात म्हणून अभ्यासात मागे पडतात हे खरं, पण शिकायचं कारण विचारलं तरी बहुतेक जण घरचंच सांगतात, आईचे कष्ट थांबवायचेत म्हणून. त्यामुळे "आधी स्वतःचं बघ" असलं काही बोलू नका प्लीज, आईलाच शाळेत बोलवा. कॉलेजबद्दल म्हणाल तर मुलगी अमेरिकन नागरिक असेल तर आईवडिलांकडे इथे राहण्याची कायदेशीर कागदपत्रं नसली तरी ती सरकारी मदतीचा फॉर्म भरू शकते, कित्येक घरांना हे माहीतच नसतं. मात्र घरची माहिती सरकारला द्यायची भीती असते आणि ती उगाच नसते, म्हणून फॉर्मच्या आधी चांगल्या वकिलाशी बोलू द्या.

निशिगंध_टेक्सास:
दुभाषाचं खरंच माहीत नव्हतं, उद्याच सांगते. आईला संध्याकाळी काम असतं, शनिवारी बोलवलं तर चालेल का?

सुगरण_पक्षी:
चालेल, पण चिठ्ठी पाठवू नका, स्पॅनिश येणाऱ्या कुणाकडून तरी फोन करवा.