कँटोनीजमधले टोमणे: कुठले चालतील, कुठले नाहीत?

उदगीरकर: हाँगकाँगला कामाला जायचंय, कँटोनीज शिकायलोय. पुस्तकात नुसतं नमस्कार अन् बिल आणा. कुणी नावं ठेवायलंय का लाडानं बोलायलंय, हे कसं ओळखावं?

गोदाकाठ: 'सो' म्हणजे येडं, दोस्तांत, नवराबायकोत सर्रास. 'ताय थौ हा', मोठ्या डोक्याची कोळंबी, म्हणजे विसरभोळा; राग येत नाही. आई पोराला 'सोय चय' म्हणते, आपल्याकडच्या 'मेल्या'सारखं. 'फय छाय' (टाकाऊ सरपण, म्हणजे निकामा) मात्र झोंबतं. 'छी सिन' म्हणजे तारा चिकटल्या, डोकं फिरलं. हसून म्हटलं तर थट्टा, साहेबाला म्हटलं तर संपलं.

बिंदुसरा: 'चय'चा च 'चाक'मधला, 'चहा'मधला नाही. आणि 'फय' आखूडच ठेवा. लांबवून 'फाय' झालं की अर्थ 'लवकर', सूर (आवाजाचा चढउतार, त्यावरही शब्दाचा अर्थ ठरतो) तोच असल्यामुळं ऐकणाऱ्याला वेगळा सुगावा लागत नाही. 'सो'चा सूर खाली उतरता.

शिवीचा शब्दच नसला तरी अपमान होतो, तो असा. कँटोनीजमध्ये माणूस किंवा वस्तू मोजताना नावाआधी एक माप-शब्द लावतात. माणसं मोजताना आदरानं 'वय', साधं 'को'. 'थिउ' हे मासा, रस्ता, पँट असल्या लांबोड्या वस्तूंचं माप. माणसाला 'थिउ यौ' म्हटलं की तुच्छता आली. आपण 'तो' सोडून 'ते बेनं' म्हणतो, तसंच. शब्दकोशात एकेक शब्द बघत बसलात तर हे हाती लागत नाही. पाठीमागं तुमच्याबद्दल बोलणं चाललं असंल तर आधी हे माप ऐका.

उदगीरकर: आणि आपल्या लोकांसाठी काही खास?

गोदाकाठ: आहे. 'आ छा', शेवट उंच सुरात. भारतीय-पाकिस्तान्यांसाठीचा हिणकस शब्द. काही म्हातारी माणसं सवयीनं बोलतात, पण अपमान तो अपमानच. साधा शब्द 'यन तोउ यन', भारतीय माणूस. शांतपणे सांगायचं: 'म् होउ कम किउ ङो', मला असं म्हणू नका. 'ङो'मधला ङ उच्चारायला आपल्याला जड जातो. नुसतं 'ओ' म्हटलं तरी चालतं, तिथलेही कित्येक तसंच बोलतात.

'फुक काय' तेवढं तोंडात आणू नका. शब्दशः रस्त्यावर पालथा पड, वापर 'मर जा' किंवा 'हरामखोर' असा. पोरं आपसांत खुशाल वापरतात, नव्या माणसानं वडीलधाऱ्यांसमोर वापरला तर भांडण ठरलेलं. यातला 'फु' म्हणजे प+ह, ओठ मिटून. 'फय'चा फ 'फॅन'मधला. 'क्'वर आवाज तोडा, पुढं 'अ' सोडू नका.