मदत हवी आहे: बुधवारी पुण्यात बिग फोरचा इंटरव्ह्यू, काय विचारतात?

मांजराकाठ
बुधवारी पुण्याला बिग फोरमध्ये, म्हणजे त्या चार मोठ्या ऑडिट फर्मपैकी एकीत, इंटरव्ह्यू आहे. कुणी दिला असेल तर काय विचारलं ते सांगा. यूट्यूब बघून बघून डोकं उठलंय, सगळे नुसतं 'कॉन्फिडंट राहा' सांगायलेत. आमचं शिक्षण मराठी मीडियम, लातूर. प्रश्नांची पीडीएफ असेल तर टाका. अर्जंट.

थकलेला_सीए
कशाचा इंटरव्ह्यू? आर्टिकलशिप (सीए होण्याआधी फर्ममध्ये करायची ट्रेनिंग), इंडस्ट्रियल ट्रेनिंग, का बी.कॉम.वर ॲनालिस्ट? ऑडिट का टॅक्स? चारातली कोणती फर्म? पीडीएफ कशाची देऊ मग?

मांजराकाठ
आर्टिकलशिपच, दुसरं काय असणार. सीए इंटर परीक्षेचे दोन्ही ग्रुप सोबतच निघाले. विभाग मेलमध्ये लिहिला नाही.

नांदेडी_खतावणी
पुण्याला जायचंच कशाला? इथं एखादी लहान फर्म धर. जीएसटी रिटर्नपासून कर्जासाठी बँकेला द्यायच्या आकड्यांपर्यंत (सीएमए डेटा) सगळं हाताखालून जातं. तिकडं तीन वर्षं एकाच कंपनीची व्हाउचरं तपासत बसशील, अन् खोलीभाड्यात स्टायपेंड संपेल.

थकलेला_सीए
तीन नाही, दोन वर्षं. १ जुलै २०२३ पासून नवी स्कीम लागू आहे. आणि त्यानं कुठं जाऊ हे विचारलंच नाही.

जालना_एक्सप्रेस
मी सांगतो सोपं. ओळखीच्या सीएकडं नाव टाक अन् घरी बसून फायनलचा अभ्यास कर. माझ्या चुलतभावानं तेच केलं, आरामात निघाला.

थकलेला_सीए
ह्याला डमी आर्टिकलशिप म्हणतात. सीए इन्स्टिट्यूटच्या नियमात बसत नाही. पकडलं तर पोराची ट्रेनिंग जाते आणि त्या सीएवर शिस्तभंगाची कारवाई होते ती वेगळीच. जाहीर धाग्यावर असले सल्ले देऊ नका.

जालना_एक्सप्रेस
करणारे करायलेतच की. आम्ही बोललो की वाईट.

मांजराकाठ
भांडू नका हो. एक शंका आहे. फॉर्म भरला केपीएमजी समजून, अन् मेलवर नाव 'बी एस आर' असं आलंय. फ्रॉड तर नाही ना?

थकलेला_सीए
हे आधी सांगायचं ना! फ्रॉड असेलच असं नाही. आपल्याकडं ऑडिट रिपोर्टवर सही भारतीय सीए फर्मचीच लागते, म्हणून नेटवर्कमधल्या फर्मची नावं वेगळी असतात. केपीएमजीकडं बी एस आर, ईवायकडं एस. आर. बाटलीबॉय. फक्त मेलचा पत्ता नीट बघ, आणि कुणी पैसे मागितले तर तिथंच थांब. नाव बी एस आर असेल तर बहुतेक स्टॅच्युटरी (कायद्यानं करावंच लागणारं) ऑडिटच. टॅक्स वाचत बसू नको, ऑडिटिंग आणि अकाउंटिंग स्टँडर्ड धर.

हळदीचं_गाव
मी वसमतचा. गेल्या वर्षी पुण्यातच एका मोठ्या फर्मात ऑडिटसाठी दिला, झालं. फर्मचं नाव सांगत नाही, कामाचं सांगतो.

रेझ्युमेत लिहिलेली प्रत्येक ओळ अंगावर येते. मी 'घरच्या आडतीचे हिशेब बघतो' असं लिहिलं होतं, मॅनेजरनं तेच धरलं. म्हणाला, सोयाबीन ४,८०० नं घेतलं, ३१ मार्चला भाव ४,३००, ताळेबंदात कितीला दाखवशील? मी लगेच एएस २ (साठ्याचं अकाउंटिंग स्टँडर्ड, दोन्हीत जे कमी ते) सांगितलं, ४,३००. त्यावर तो म्हणाला, विकताना हमाली-तोलाई कोण देणार? म्हणजे विक्रीचा खर्च वजा करून जे उरतं ते, नुसता बाजारभाव नाही. हे झालं अन् शेवटी विचारलं, पण माल आडत्याचा आहे का शेतकऱ्याचा? शेतकऱ्यानं नुसता विकायला टाकला असेल तर तो आपल्या साठ्यात येतच नाही. तिथं खरं मार्क होतं. माल गोदामात दिसणं वेगळं अन् त्यावर आपला हक्क असणं वेगळं.

मग ऑडिटकडं वळला. गोदामात माल आहे हे कसं तपासशील? मोजणीच्या वेळी हजर राहून, ऑडिटिंगचं स्टँडर्ड एसए ५०१. माल दुसऱ्याच्या वेअरहाऊसमध्ये असेल तर थेट त्यांच्याकडून लेखी कन्फर्मेशन. ३१ मार्चला जाता आलं नाही तर नंतर मोजायचं अन् मधली आवक-जावक धरून मागं यायचं. एक्सेलमध्ये व्हीलुकअप, पिव्होट. जीएसटीचं एकच आलं, कलम १७(५), कुठलं क्रेडिट मिळत नाही.

इंग्रजीचं म्हणशील तर 'तुमच्याबद्दल सांगा' तेवढं इंग्रजीत तयार ठेव, पण घोकून नको. मी मध्ये अडकलो तर मॅनेजर स्वतःच हिंदीवर आला. एसएचा नंबर आठवला नाही तरी चालतं, ते काम का करायचं हे सांगता आलं पाहिजे. 'बाहेरगावी क्लायंटकडं जाशील का' हे नक्की विचारतात.

नांदेडी_खतावणी
हमाली-तोलाई! म्हणजे आमची आडतच कामाला आली की. तरी मी म्हणतो लहान फर्म.

परळी_जंक्शन
लातूरहून रात्रीची ट्रॅव्हल्स धर, बार्शी-टेंभुर्णीवरून सकाळी पुण्यात.

उदगीरी_बाबू
ट्रॅव्हल्समध्ये झोप होत नाही. हरंगुळहून रेल्वे बघ.

परळी_जंक्शन
हरंगुळला जायला रिक्षा तुम्ही देणार का?

थकलेला_सीए
प्रवासाचा वेगळा धागा काढा. @मांजराकाठ, आर्टिकलशिपआधीचे कोर्स, आयटी (कॉम्प्युटरचा) अन् ओसी (ओरिएंटेशन), दोन्ही झाले का?

मांजराकाठ
आयटी झालं, ओसी राहिलंय. तेही विचारतात का? हळदीवाले दादा, फार उपकार झाले. आमची आडत नाही, पण मामाचं किराणा दुकान आहे, ते लिहू का?

हळदीचं_गाव
तिथं खरंच हिशेब लिहिले असतील तरच लिही. उधारीची वही असते ना? बुडीत उधारी कशी दाखवतो ते मामाला विचारून जा.

थकलेला_सीए
ओसीशिवाय आर्टिकलशिप सुरूच होत नाही. जॉइनिंगची तारीख विचारली की तिथंच अडशील. आजच पोर्टलवर बॅच बघ.

भोकरदन_२००५
माझा एकच ग्रुप निघालाय, मी पण अर्ज टाकू का?

थकलेला_सीए
नाही. नव्या स्कीममध्ये दोन्ही लागतात.