कंपनी नोंदणीतून निघण्याआधी हरकत घ्या
ब्रिटनमध्ये थकीत पगार आणि न घेतलेल्या रजेचे पैसे मिळवण्यासाठी आधी एकास (Acas) या कामगार-मालक वादांत समेट घडवणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे समेटाची नोंद करावी आणि मग ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे नोकरीविषयक न्यायाधिकरणात, दावा लावावा असे सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र 'मालकाने कंपनीच बंद केली तर सगळे संपले' असेही काही जण म्हणतात, ते मला पटत नाही, कारण कंपनी बंद कशी झाली यावर पुढचे बरेच काही ठरते. कंपनी रीतसर दिवाळखोरीत गेली असेल, तर रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिसकडे, म्हणजे दिवाळखोर मालकांच्या कर्मचाऱ्यांना पैसे देणाऱ्या सरकारी सेवेकडे, जास्तीत जास्त आठ आठवड्यांचा पगार आणि सहा आठवड्यांच्या रजेचे पैसे मागता येतात. आठवड्याच्या रकमेला कमाल मर्यादा असते, तरीही हातात काहीतरी पडते.

खरा धोका असतो तो मालक दिवाळखोरी टाळून कंपनीचे नाव गुपचूप नोंदणीतून काढून घेतो तेव्हा. माझ्या ओळखीच्या एका स्वयंपाक्याचा दावा चालू असतानाच त्याच्या उपाहारगृहाच्या मालकाने तसा अर्ज केला. असा अर्ज केल्यावर सात दिवसांत त्याची प्रत कर्मचाऱ्यांना द्यावी लागते. याला ती कधी मिळालीच नाही. त्याने कंपनीज हाउस या कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीसाठी मोफत ईमेल सूचना लावून ठेवली होती, म्हणून गॅझेटमधली, म्हणजे सरकारी राजपत्रातली, नाव काढण्याची नोटीस वेळेत कळली. नोटिशीनंतर किमान दोन महिने मिळतात, तेवढ्यात त्याने दाव्याचा क्रमांक आणि पगाराच्या चिठ्ठ्या जोडून हरकत नोंदवली आणि नाव काढण्याची प्रक्रिया थांबली. ही मुदत हुकली, तर कंपनी पुन्हा नोंदणीवर आणवून घेतल्याशिवाय तिच्याविरुद्ध दावा चालवता येत नाही.