केळवणाऐवजी पोल डान्सचा वर्ग ठेवावा का?

प्रश्न (परभणी): मावसबहिणीच्या लग्नाआधी आम्ही मैत्रिणी छत्रपती संभाजीनगरात प्रशिक्षिका बोलावून दोन तासांचा पोल डान्सचा वर्ग ठेवणार आहोत. व्यायाम म्हणून त्याचा खरोखर उपयोग होतो का, आणि वडीलधाऱ्यांना काय सांगावे?

उत्तर (लातूर): उपयोग निश्चित होतो, कारण स्वतःचे वजन हातांवर पेलताना दंड, खांदे, पाठ आणि पोट यांना एकाच वेळी काम पडते. धातूचा खांब बहुधा ४५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पकड उघड्या त्वचेने बसते, म्हणून आखूड कपडे घालतात. हे आजीला पटवणे मात्र तुमच्या नशिबी. त्या दिवशी अंगाला क्रीम लावू नका, हात निसटतो.

उत्तर (नांदेड): मांड्यांवर काळेनिळे वळ उठतात. हळदीच्या आदल्या दिवशी वर्ग नको, निदान दोन आठवडे आधी उरका.

उत्तर (बीड): वडीलधाऱ्यांना मल्लखांबाची आठवण करून द्या, ज्याला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नवे रूप दिले. गंमत अशी, की त्या लाकडी खांबाला एरंडेल लावतात आणि इथे तेल वर्ज्य! खांब भक्कम बसवला आहे आणि खाली जाड गादी आहे, हे आधी स्वतः पाहा.